या फोनवर झिरो आहे का?

आमच्या पतसंस्थेत नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारून घेतो. डबा कुठे बसून खायचा आणि माझ्या टेबलावरच्या फोनला झिरो आहे का. झिरो आहे म्हणजे शून्य दाबलं की बाहेरची लाइन मिळते. झिरो नाही म्हणजे तो फोन ऑफिसातल्या ऑफिसात बोलायला. बाहेर फोन लावायचा तर ऑपरेटर मॅडमना सांगायचं, "मॅडम, जरा हा नंबर लावून द्या ना," आणि रिसीव्हर ठेवून वाट बघत बसायचं. संस्थेत कोणाचं किती वजन आहे हे पगारपत्रकापेक्षा या झिरोवरून लवकर कळायचं. बढती मिळालेल्या माणसाकडे वाढीव पगाराच्या आधी झिरो यायचा.

साताऱ्यातलं मुख्य कार्यालय जुन्या जागेतून नव्या इमारतीत न्यायचं ठरलं, तेव्हा फर्निचर, स्ट्राँगरूम, सीसीटीव्ही या सगळ्यांसाठी उपसमित्या नेमल्या गेल्या. टेलिफोनची कोणाला आठवणच झाली नाही. "तुम्ही कॉम्प्युटरचं बघताच, त्यातच हेही उरकून टाका," असं मॅनेजर साहेब म्हणाले आणि ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या लाइन ऑफिसातल्या फोनना वाटून देणारा बॉक्स, माझ्या गळ्यात पडला.

जुना बॉक्स नेण्यात अर्थ नव्हता. त्याला तीन बाहेरच्या लाइन आणि सोळा एक्स्टेन्शन होती. त्यातली चार कधीच बंद पडलेली. वळवाचा पाऊस सुरू झाला, जवळपास कुठे वीज कडाडली की ट्रंक कार्ड, म्हणजे बाहेरच्या लाइन जोडलेलं कार्ड, जायचं, आणि मग दुरुस्तीला गेलेलं कार्ड परत येईपर्यंत एकाच लाइनवर सगळी संस्था. नवा घेतला तो चार ट्रंक आणि चोवीस एक्स्टेन्शनचा. बसवायला आले ते वयस्कर काका. चाळीस वर्षं याच धंद्यात. कमरेला पंचिंग टूल आणि गळ्यात एक साधा बटणांचा फोन, त्याच्या वायरीला दोन क्रोकोडाइल क्लिपा. आधी कोणती लाइन कुठे येणार ते सांगा, मग बॉक्स उघडतो, अशी त्यांची अट.

नव्या इमारतीत तांब्याची लाइन येणारच नव्हती. कंपनीने फायबर दिलं होतं आणि फोनची लाइन निघत होती ती भिंतीवरच्या ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिथे संपतं त्या डबीच्या, मागच्या पोर्टमधून. काकांनी बॉक्सला हात लावण्याआधी प्रत्येक पोर्टवर आपला गळ्यातला फोन लावला, टोन ऐकला, माझ्या मोबाइलवर रिंग दिली, माझ्या मोबाइलवरून उलट रिंग घेतली आणि मगच ती वायरींची जोडी क्रोनवर, म्हणजे वायरी जोडायच्या पट्टीवर, पंच केली. "साहेब, हे आत्ता करून ठेवायचं. नंतर काही झालं की लाइनवाले म्हणणार बॉक्समध्ये फॉल्ट आहे, आम्ही म्हणणार लाइनमध्ये आहे, आणि तुम्ही मधल्या मधे." त्यांनी ओएनटी आणि क्रोन यांच्यामध्ये प्रत्येक लाइनसाठी एक रोझेट, म्हणजे फोन लावून बघायची छोटी डबी, बसवून घेतली. रोझेटवर टोन असेल तर बिघाड आमच्या बाजूचा, नसेल तर लाइनवाल्यांच्या. पुढे हा पन्नास-साठ रुपयांचा डबा किती उपयोगी पडला ते सांगेनच.

आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हाच करून घेतली. तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजकडून यायची, ४८ व्होल्ट. ऑफिसातली लाइट गेली तरी एक फोन चालायचा, कारण वीज गेली की बॉक्स पहिली लाइन थेट एका एक्स्टेन्शनला जोडून द्यायचा. नव्या बॉक्समध्येही ती सोय आहे, पण ओएनटीच बंद पडला तर ती काय कामाची? म्हणून ओएनटी आणि बॉक्स दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. इलेक्ट्रिशियनने ओएनटीचा सॉकेट साध्या लाइटवर काढला होता, तो बदलायला लावला.

मग नंबर. मला वाटलं होतं जुनेच ठेवू, १०० पासून ११५ पर्यंत, सगळ्यांना पाठ आहेत. काका हसले. "१०१ कोणाचा?" मॅनेजर साहेबांचा. "आणि आग लागली तर?" आमच्याकडे १०१ म्हटलं की सहकार कायद्याचं वसुली दाखल्याचं कलम आठवतं, अग्निशमन दल नाही. पण मुद्दा बरोबर होता. जुन्या ऑफिसात कोणी घाबरून १०१ दाबलं असतं तर मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये बेल वाजली असती. १०० वर चेअरमन, १०८ वर लॉकर, ११२ वर कॅशियर. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळे आमच्या ऑफिसातच बसलेले होते म्हणायला हरकत नाही.

म्हणजे १ ने सुरू होणारे नंबर बाद. २ सुद्धा नको, कारण साताऱ्यातले लँडलाइन नंबर सहा आकडी आणि २ ने सुरू होणारे. झिरो दाबायला विसरून कोणी थेट नंबर फिरवला तर पहिल्या तीन आकड्यांतच आमच्याच कोणाच्या तरी टेबलावर घंटी. ६, ७, ८, ९ ने मोबाइल सुरू होतात, तिथेही तेच. उरले ३, ४, ५. इमारत तळमजला आणि वर दोन मजले. तळमजल्याला ३०१ पासून, पहिल्याला ४०१ पासून, दुसऱ्याला ५०१ पासून. इतकं नीट बसलं की मॅनेजर साहेबांना ते मी मुद्दाम केलंय असं वाटलं, आणि मीही तो समज तसाच राहू दिला.

ऑपरेटरचा ९ मात्र मॅडम सोडायला तयार नव्हत्या. आपल्याकडच्या बॉक्सवर बहुतेक वेळा झिरोला बाहेरची लाइन आणि नऊला ऑपरेटर. अमेरिकेत नेमकं उलटं, नऊला बाहेरची लाइन आणि झिरोला ऑपरेटर. मॅडम वीस वर्षं नऊवर बसलेल्या. पण पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन सारखा वाजायला लागला आणि उचलला की समोरचा माणूस आकडे दाबतच असायचा. लोक मोबाइल नंबर झिरोशिवाय फिरवत होते, पहिला ९ दाबला की बॉक्स लगेच मॅडमना रिंग देत होता. शेवटी त्याच म्हणाल्या, "मला तीनशे द्या बाई, हा नऊ नको."

इथवर वायरी आणि आकडे. खरी पंचाईत पुढे होती.

काकांनी प्रोग्रामिंगच्या फोनवरून कोड दाबत विचारलं, "कोणाकोणाला झिरो द्यायचा? आणि कुठवर?" हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. बॉक्समध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनला एक वर्ग लावता येतो. एका वर्गाला फक्त आतल्या आत, दुसऱ्याला लोकल, तिसऱ्याला एसटीडी, चौथ्याला आयएसडी. त्यासाठी आकड्यांच्या दोन याद्या असतात, चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या. लाइन मिळाल्यानंतर माणूस जे आकडे दाबतो ते बॉक्स या याद्यांशी ताडून बघतो आणि न चालणाऱ्या यादीत सापडलं की लाइन तोडतो. ज्याला आपण एसटीडी लॉक म्हणतो ते एवढंच : न चालणाऱ्या यादीत एकच आकडा, शून्य.

मी जुन्या बॉक्सचा कागद शोधून काढला. लॅमिनेट केलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. चेअरमन, मॅनेजर आणि ऑपरेटर सोडून झिरो असलेल्या सगळ्या फोनवर एसटीडी लॉक होता. वसुली विभागाच्या दोन्ही फोनवर तर होताच. आणि मला एकदम उलगडलं की वसुलीतले लोक गेली काही वर्षं सगळे फोन स्वतःच्या मोबाइलवरून का करतात.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करायचा तर आधी शून्य लावावा लागतो. त्याआधी आपल्याच सर्कलमधल्या मोबाइलला दहा आकडे थेट फिरवले की लागायचा. शून्य लागायचा तो बाहेरच्या राज्यातल्या मोबाइलला. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, मे २०२० मध्ये तशी शिफारस केली होती, दूरसंचार विभागाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आदेश काढला. कारण साधं होतं. पहिला आकडा शून्य आहे म्हटल्यावर एक्स्चेंजला पुढचा नंबर मोबाइलचा किंवा बाहेरगावचा हे कळतं, आणि मग लँडलाइनसाठी अडवून ठेवलेले आकडे मोबाइलसाठी मोकळे करता येतात. अडीचशे कोटींहून जास्त नवे नंबर त्यातून निघणार होते. घरच्या फोनवाल्याला एक आकडा जास्त दाबावा लागला, बाकी काही नाही. पण ज्यांच्या बॉक्समध्ये शून्य अडवलेला होता त्यांचे मोबाइलचे सगळे फोन त्या शुक्रवारी एका झटक्यात बंद झाले. लॉक लावला होता दिल्ली-कलकत्त्याला फोन जाऊ नये म्हणून, आणि अडला तो शाहूपुरीतला कर्जदार.

आमच्याकडे तेव्हा काय झालं असेल ते आता मला दिसतं. फोन लागेनात, कोणीतरी तक्रार केली असेल, कोणीतरी "बॉक्स जुना झालाय" म्हणालं असेल. मग ज्याने त्याने खिशातला मोबाइल काढला. त्याचा परिणाम असा, की वसुलीच्या भोसले मॅडमचा नंबर आज तालुक्यातल्या प्रत्येक थकबाकीदाराकडे आहे, जामीनदारांकडे आहे, आणि जामीनदाराच्या मेहुण्याकडेही आहे. रविवारी सकाळी सात वाजता त्यांना फोन येतात. संस्थेच्या कामाचा त्रास घरात शिरला तो एका शून्यामुळे, आणि इतकी वर्षं कोणी बॉक्स उघडून बघितला नाही.

मी काकांना म्हटलं, मोबाइल तेवढे सोडा, एसटीडी अडवा. ते म्हणाले, करून बघा कागदावर. मी बसलो. मोबाइल ६, ७, ८, ९ ने सुरू होतात, म्हणजे ०६, ०७, ०८, ०९ चालणाऱ्या यादीत. पण ०७१२ नागपूर. ०७९ अहमदाबाद. ०८० बेंगळुरू. हे सगळे आपोआप सुटले. अडले कोण? ०२०, पुणे. ०२३१, कोल्हापूर. आणि ०२१६४, म्हणजे कऱ्हाड, जिथे आमची सगळ्यात मोठी शाखा आहे. आकड्यांच्या लांबीवरूनही वेगळं काढता येत नाही, कारण शून्य धरून दोन्ही अकराच आकडे. थोडक्यात, बेंगळुरूला खुशाल बोला, पण कऱ्हाड शाखेला फोन करायचा तर मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये या, असा लॉक तयार झाला.

"काढून टाका की," काका म्हणाले. "आता एसटीडीला पैसे कुठे पडतात?"

पडत नाहीत हे खरं. आमच्या तिन्ही लाइनचा प्लॅन महिन्याला ठरावीक रकमेचा, देशात कुठेही बोला. पण हे मी ठरवू शकत नव्हतो, कारण जुना लॉक संचालक मंडळाच्या ठरावाने लागलेला होता. ठरावाने लागलेलं ठरावानेच निघतं. विषय मासिक सभेत गेला आणि अपेक्षेपेक्षा फार लांबला. संचालकांमध्ये निम्म्याहून जास्त सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी रात्री अकरानंतर पाव दर लागतो म्हणून एसटीडी बूथवर रांगा लावलेल्या. "सगळ्यांना झिरो दिला तर बिल कोण भरणार?" हा प्रश्न तीन वेगवेगळ्या तोंडांतून आला. मी २००६ साली देशभर एक रुपया मिनिट झाला तेव्हापासूनचं सांगितलं, गेल्या वर्षभराची बिलं पुढे ठेवली, प्रत्येक महिन्याला तीच रक्कम. एक ज्येष्ठ संचालक चष्मा वर करून बिलं बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आपण फोन केला काय अन् नाही केला काय, पैसे तेवढेच? मग आजवर लॉक कशाला ठेवला होता?" यावर कोणी काही बोललं नाही. ठराव झाला : ००, म्हणजे आयएसडी, सगळ्यांनाच बंद, चेअरमनसुद्धा. बाकी सगळं खुलं.

आयएसडी सरसकट बंद करायचा आग्रह माझा होता. चेअरमन साहेबांचा मुलगा परदेशात आहे, पण ते व्हॉट्सॲपवर बोलतात, त्यांनी हरकत घेतली नाही. बाहेरून बॉक्समध्ये शिरून, आत एक फोनही न उचलता, रात्रभर परदेशी नंबर फिरवले जाण्याचे प्रकार जगभर होतात. बॉक्समध्ये बाहेरून फोन करून, आकडे दाबून पुन्हा बाहेरची लाइन घेण्याची सोय असते, आणि प्रोग्रामिंगचा पासवर्ड कारखान्यातून येतो तसाच १२३४ राहिलेला असतो. काकांनी बाहेरून लाइन घ्यायची सोय बंद केली, पासवर्ड बदलला आणि तो पाकिटात घालून स्ट्राँगरूममध्ये ठेवायला लावला. सोन्याच्या तारण पावत्यांशेजारी टेलिफोनचा पासवर्ड, पण असू दे.

गेटवरच्या वॉचमनच्या फोनवर चर्चा झाली ती वेगळ्याच कारणाने. त्याला झिरो देऊ नये असं बहुतेकांचं मत होतं. मी म्हटलं, झिरो देऊ नका, पण ११२, १०१ आणि १०८ त्याला थेट लागले पाहिजेत, झिरोशिवाय. रात्री इमारतीत तो एकटाच असतो. बॉक्समध्ये आपत्कालीन नंबरांची वेगळी यादी असते, त्यात घातलेले नंबर कोणत्याही फोनवरून, कुठल्याही वर्गातून, झिरो न लावता थेट बाहेर जातात. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका मोटेलमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये कॅरी हंट या बाईचा खून झाला, तेव्हा तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून चार वेळा ९११ फिरवला. लागला नाही, कारण त्या फोनवर बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागत होता आणि हे त्या पोरीला कोण सांगणार? तिथे पुढे २०१८ साली कायदाच झाला, अशा बॉक्सवरून ९११ थेट लागलाच पाहिजे असा. हे सभेत सांगितल्यावर वॉचमनच्या फोनचा प्रश्न मिटला. आमच्या यादीत १९३० पण आहे, ऑनलाइन फसवणुकीची हेल्पलाइन. ठेवीदार काउंटरवर येऊन रडकुंडीला येतात, तेव्हा तो नंबर शोधत बसायला वेळ नसतो.

ही यादी तपासायची कशी हाही एक प्रश्न. उगाच ११२ फिरवून तिथल्या लोकांचा वेळ खाणं बरं नव्हे. काकांनी यादीत तात्पुरता आमच्याच दुसऱ्या लाइनचा नंबर घातला आणि मला गेटवर पाठवलं. वॉचमनच्या झिरो नसलेल्या फोनवरून मी तो सहा आकडी नंबर फिरवला, आणि आत मॅडमच्या टेबलावर दुसऱ्या लाइनची बेल वाजली. मग तो नंबर काढून टाकला.

ऑफिस सुरू झालं. पहिले काही दिवस सगळं छान. मग मॅडमची तक्रार : दुपारनंतर बाहेरची लाइनच मिळत नाही, झिरो दाबला की एंगेज. बाहेरून फोन करणारेही म्हणत होते, तुमचा फोन दिवसभर बिझी. बॉक्सवर बघितलं तर ट्रंकचे दोन लाल दिवे जळत होते आणि त्या लाइनवर कोणीच बोलत नव्हतं.

यात एक गोम होती. चेअरमन साहेबांचं एक्स्टेन्शन त्यांच्या मोबाइलवर फॉरवर्ड केलेलं. कोणी बाहेरून त्यांना फोन केला की तो पहिल्या लाइनने आत यायचा आणि दुसऱ्या लाइनने बाहेर जायचा. बोलणं झालं, दोघांनी फोन ठेवले. पण दोघेही बाहेरचे. ऑफिसातल्या कोणी रिसीव्हरच उचललेला नव्हता, मग ठेवणार कोण? फोन संपला हे बॉक्सला कळायला लाइनकडून काहीतरी खूण लागते. तांब्याच्या लाइनवर आम्ही अर्ज देऊन रिव्हर्सल घेतलेलं होतं, म्हणजे समोरच्याने उचलल्यावर लाइनवरची पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण टोकं, उलटायची आणि ठेवल्यावर पूर्ववत व्हायची. फायबरच्या पोर्टवर ते नव्हतं. मग बॉक्सला दुसरा आधार म्हणजे एंगेज टोन. समोरच्याने ठेवलं की लाइनवर एंगेज टोन येतो, बॉक्स तो ओळखतो आणि लाइन सोडतो. आमचा बॉक्स टोन ऐकत होता आणि सोडत नव्हता.

लाइनवाल्यांना फोन केला. अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं, तुमच्या बॉक्समध्ये फॉल्ट आहे. काकांनी रोझेटवर आपला फोन लावला, मला फोन करायला लावून मी ठेवल्यावर जो टोन आला तो मला ऐकवला. "ऐका. हा आपला टोन आहे का?"

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. टोन वर लागला होता. म्हणजे मला तसं वाटलं, खात्री करायला मोबाइलमधलं सूर लावायचं ॲप काढलं आणि रिसीव्हरजवळ धरलं. ४५० हर्ट्झ. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा असतो, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. हा ४५० चा होता आणि घाईघाईने टुंटुंटुंटुं करत होता. ४०० ला सा धरला तर ४५० म्हणजे बरोबर शुद्ध रे. बॉक्स सा ची वाट बघत बसला होता आणि लाइनवर रे वाजत होता.

हा टोन एक्स्चेंजमधून येतच नव्हता. तो ओएनटी स्वतः तयार करतो, आणि कोणत्या देशाचा करायचा ते त्याच्या सेटिंगमध्ये असतं. आमच्या ओएनटीत चीनचं सेटिंग तसंच राहिलेलं होतं. लाइनवाल्यांचा मुलगा आला तेव्हा त्याला हे पटेना. "सर, टोन तर येतोय ना?" येतोय रे बाबा, पण कुठला? रोझेटवर फोन लावून, ॲप दाखवून, शेवटी त्याने त्याच्या वरिष्ठाला फोन केला, लॅपटॉपवरून ओएनटीत शिरला आणि देश बदलून भारत केला. पुन्हा टोन घेतला. चारशे. लाल दिवे काही सेकंदांत विझायला लागले. त्या मुलाने जाताना ॲपचं नाव विचारून घेतलं.

त्याच भेटीत आणखी एक बारीक काम झालं. रिडायल दाबलं की कधी कधी "कृपया नंबरच्या आधी शून्य लावा" अशी सूचना ऐकू यायची, लावलेला असूनही. बॉक्स लाइन पकडल्यावर लगेच आकडे फेकत होता आणि ओएनटी टोन द्यायला जरा वेळ घेत होता, त्यात पहिला शून्य गळून पडायचा. हाताने फिरवताना माणूस टोन ऐकून थांबतो, बॉक्स थांबत नाही. लाइन पकडल्यानंतरचा थांबा काकांनी वाढवून दोन सेकंद केला.

लोकांना सवय लागायला मात्र बॉक्सपेक्षा जास्त वेळ लागला. आता मोबाइलला फोन करायचा तर दोन शून्य : एक आमच्या बॉक्ससाठी, एक एक्स्चेंजसाठी. मी प्रत्येक फोनवर एक चिठ्ठी चिकटवली. साताऱ्यात ० आणि सहा आकडे. मोबाइलला ०० आणि दहा आकडे. कऱ्हाडला ०० २१६४. चिठ्ठी वाचून कॅशियर म्हणाला, "साहेब, दोन शून्य म्हणजे आयएसडी ना? ते तर बंद केलंय." पहिला शून्य बॉक्स खातो, बाहेर जातो तो दुसरा, आयएसडीला तीन लागतील, हे समजावता समजावता चहा गार झाला. हे फक्त त्यालाच नाही, बऱ्याच जणांना समजावावं लागलं. एकाने तर तीन शून्य लावून बघितले आणि बॉक्सने लाइन तोडल्यावर मला येऊन सांगितलं, बंद आहे बरं का, बरोबर चाललंय.

वसुली विभागाच्या दोन्ही फोनना झिरो मिळाला त्या दिवशी मी स्वतः जाऊन भोसले मॅडमना सांगितलं, आता स्वतःचा मोबाइल वापरू नका. त्यांनी लगेच यादीतला पहिला नंबर लावला. वाजत राहिला. दुसरा, तसाच. चौथ्याने उचलला, "कोण बोलतंय?" आणि संस्थेचं नाव ऐकून ठेवून दिला. मॅडम म्हणाल्या, "साहेब, ऑफिसचा नंबर बघितला की उचलत नाहीत हो. माझा मोबाइल उचलतात, तेवढी ओळख झालीय." आता त्या दोन्ही वापरतात. म्हाताऱ्या सभासदांना आणि कऱ्हाड शाखेला लँडलाइन, थकबाकीदारांना मोबाइल. त्यासाठी संस्थेने त्यांना वेगळं सिम द्यावं असा अर्ज मी त्यांच्याकडून लिहून घेतला आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो सातव्या क्रमांकावर आहे.